देवघर, स्त्रीवाद आणि घरी राहणारी आई : विचार बदलले, आता घरात काय बदलायचं?

शेवंती_पिवळी (धागाकर्ती)

घरी राहणाऱ्या आईच्या बदलत्या विचारांवर धागा निघाला की लगेच दोन फळ्या पडतात. एकीकडे 'सणवार म्हणजे शोषण', दुसरीकडे 'आवडीने केलं तर शोषण कसलं'. शंभर प्रतिसाद होतात, सगळे दमतात आणि गौरीजेवणाच्या दिवशी पुरण वाटायला तीच बाई उभी असते. म्हणून देव मानावा की नाही हा वाद इथे नको. विचार बदललेले आहेत असं धरू आणि नेमका हात कुठे घालायचा तेवढंच बोलू.

बदलाचा क्रम बऱ्याच घरांत सारखा दिसतो. लग्नाबरोबर सासरचा कुळाचार येतो. मूल होतं, नोकरी सुटते आणि व्रतं कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, कारण दिवसाला आकार देणारं दुसरं काही उरलेलं नसतं आणि केल्या कामाचं कौतुक सणालाच काय ते होतं. पुढे वाचन, मैत्रिणी, 'बाबा का नाही धरत उपास?' असले मुलांचे प्रश्न, यांनी सगळंच खटकायला लागतं. इथे काहीजणी एका झटक्यात सगळं सोडतात, बाकीच्या काहीच न सोडता कुढतात. श्रद्धा, रीत आणि राबणं या तीन गोष्टी एकाच ताटात वाढल्यात हे ध्यानात यायला वेळ लागतो.

ज्येष्ठागौरी घ्या. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. तिन्ही दिवसांची पूजा-आरती मिळून तीनेक तास. बाकी सगळं भांडी काढणं, चांदी घासणं, साड्या नेसवणं, फराळ, पुरण, सोळा भाज्या, जेवणावळ, मागचं आवरणं. श्रद्धा त्या तीन तासांत आहे. भांडण उरलेल्या कामावरून होतं आणि ते धर्मावरून होतंय असं सगळ्यांना वाटतं.

माझ्या मते पहिला हात सोवळ्याला घालावा. ते राहिलं तर कामाची वाटणी होऊच शकत नाही. आंघोळ करून, वेगळं नेसून, कोणाला न शिवता रांधणारी एकच, आणि बाकीचं घर इच्छा असली तरी ओट्यापासून चार हात लांब. सोवळं सैल झालं की नवरा, दीर, मुलगा, पाहुणे सगळे कामाला उपलब्ध होतात. देव तसाच राहतो.

ज्यांना कागदपत्रांतलं, उपासांतलं, वाटणीतलं कळतं त्यांनी भर घालावी. अनुभवकथन नको, कृती लिहा.

पाटावरवंटा

सोवळ्याच्या मुद्द्याला अनुमोदन. पण सोवळं गेलं म्हणजे काम आपोआप वाटलं जातं असं नाही. ते तुकड्यांत मोडून द्यावं लागतं. 'पुरणपोळीला मदत करा' म्हटलं की कोणी येत नाही, कारण कोणालाच कुठून सुरुवात करायची ते माहीत नसतं.

एक किलो हरभराडाळीच्या ३५ ते ४० पोळ्या होतात. यातली कामं अशी मोडतात. डाळ धुऊन दोन तास भिजवणं (हे कोणीही करेल). कुकरला चार-पाच शिट्ट्या, मग चाळणीवर कट निथळणं. किलोभर गूळ घालून आटवणं, डाव मधोमध उभा राहिला की उतरवणं. याला पाऊण तास सतत ढवळणारा हात लागतो, कौशल्य नाही. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढणं, याला ताकद लागते, म्हणून हे काम बायकांचं कसं झालं हेच कोडं. पाऊण किलो कणीक सैल भिजवून तेलाखाली दोन तास ठेवणं. खरं कौशल्य फक्त भरण्या-लाटण्यात आहे. एका तव्यावर चाळीस पोळ्यांना दोन तास, दोन तव्यांवर भाजणारा वेगळा असेल तर सव्वा.

बिघडतं कुठे? कट पूर्ण निथळला नाही तर गूळ घातल्यावर पुरण सैल पडतं, आणि पोळी लाटताना फुटते. ते पुन्हा आटवण्याची कटकट नेमकी नैवेद्याच्या तोंडावर येते, 'तू हो बाजूला, मीच करते' हे वाक्य तिथे निघतं आणि वाटणी तिथेच मोडते. उपाय सोपा आहे: निथळायला सांगताना 'अर्धा तास चाळणीवर, मध्ये दोनदा हलवून' असं मापात सांगायचं.

सोळा भाज्यांचं म्हणाल तर सोळा जिन्नस घालून एकच मिसळभाजी करणारी घरं पूर्वापार आहेत. खड्यांच्या गौरींना मुखवटे-साड्या नाहीत, पाणवठ्यावरचे पाच-सात खडे आणले की झालं. कोकणात काही घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहारी नैवेद्य असतो. 'आमच्यात असंच असतं' यातलं 'आमच्यात' दर दोन कोसांवर बदलतं, तेव्हा कमी केल्याने गौर रुसत नाही.

घड्याळजी

थोडे आकडे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत (२०१९) बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. भाग घेणाऱ्यांचा रोजचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. पुढची पाहणी २०२४ ची. त्यात स्त्रिया २८९, पुरुष ८८. स्त्रियांची दहा मिनिटं कमी झाली अशा बातम्या आल्या; वजाबाकी केली तर अंतर २०२ वरून २०१ वर आलंय. काय ती मोठी क्रांती!

शिवाय ही सरासरी जे पुरुष काहीतरी करतात त्यांचीच आहे, न करणारे यात धरलेलेच नाहीत. आणि मुलं-म्हातारे सांभाळण्याचा वेळ वेगळा मोजला आहे, तो यात मिळवायचा.

घरात हे मोजायचं असेल तर दोन आठवडे पुरतात. एक वही, तीन रकाने: काम कोणाच्या लक्षात आलं, काय करायचं ते कोणी ठरवलं, हाताने कोणी केलं. तिसऱ्या रकान्यात नवऱ्याचं नाव बऱ्यापैकी दिसेल. पहिले दोन बहुधा एकाच अक्षरात भरलेले असतील. सणाचा आठवडा घेऊ नका, साधा घ्या, नाहीतर 'हे काय रोज असतं का' म्हणून वही बाद होते.

कातरवेळ

धाग्याचा सूर पटला नाही. श्रद्धा तीन तासांत असते आणि बाकी सगळं राबणं, हे हिशोबनिसाचं म्हणणं झालं. जनाबाईच्या परंपरेत दळण-कांडण हीच उपासना आहे, विठ्ठल येऊन जात्याला हात लावतो. काम आणि भक्ती वेगळी काढली तर घरी राहणाऱ्या बाईकडे उरतं काय? रिकामा ओटा आणि वही?

जातं

@कातरवेळ, जनीबरोबर दळायला पांडुरंग बसतो, नामदेवाच्या घरातला एकही पुरुष बसत नाही. तो अभंग तसाही वाचता येतो.

कातरवेळ

ठीक, हा चिमटा मान्य. पण मग ज्या बाईला ते काम मनापासून उपासना वाटतं तिचं काय करायचं ते सांगा.

शेवंती_पिवळी

तिने करावं, कोण अडवतंय? कसोटी एकच लावावी: आजारी पडल्यावर ते काम दुसरं कोणी उचलतं का? उचलत असेल तर ती तिची उपासना आहे. अंगात ताप असताना तिलाच उठावं लागत असेल, तर नाव काहीही दिलं तरी ती ड्यूटी आहे.

दर्भ_आणि_दूर्वा

उपासांबद्दल लिहितो, कारण परंपरेतच सोय असताना लोक परंपरेच्या नावाने बायकांना उपाशी ठेवतात.

व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी एका प्रसिद्ध श्लोकात आहेत: 'अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः। हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥' पाणी, कंद, फळ, दूध, हवि (यज्ञातल्या आहुतीचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. म्हणजे पाणी प्यायलं किंवा गोळी घेतली तर व्रत मोडत नाही. हरतालिकेला गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला निर्जळ राहायला सांगणाऱ्यांना हा श्लोक वाचून दाखवावा. मधुमेहात इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी मात्रा ठरवल्याशिवाय उपास करूच नये. गोळी नेहमीची आणि पोट रिकामं, यात साखर एकदम खाली जाते.

हरतालिका भाद्रपद शुद्ध तृतीयेला, गणपती दुसऱ्याच दिवशी. घरातलं वर्षाचं सगळ्यात जड काम ज्या दिवशी असतं त्याच दिवशी ते करणारी उपाशी. हे कोणी मुद्दाम ठरवलं नाही, तिथीच तशा आहेत. पण दोन्ही ठेवायचं असेल तर मखर-आरास आणि मोदकांची पूर्वतयारी त्या दिवशी न खाणाऱ्या बाईकडे नसावी एवढं तर करता येतं.

व्रत सोडायचं असेल तर त्याला दार आहे: उद्यापन. मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षं, मग उद्यापन. सोळा सोमवारांचं सतराव्याला. ज्या व्रतांना मुदत नाही त्यांचंही उद्यापन करता येतं. सासूबाईंशी 'मी हे मानत नाही' असं बोलण्यापेक्षा 'यंदा उद्यापन करूया' हे वाक्य दहापट सोपं जातं, आणि त्यात खोटं काही नाही. शिवाय व्रताला प्रतिनिधी चालतो असं धर्मशास्त्रातच आहे. नवऱ्यालाही ती संधी द्यावी.

ओपीडी_नंतर

वर उपासाचं आलं म्हणून पाळीचंही सांगते. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतात. त्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायच्या असतात. ऐनवेळी, पाळी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास किंवा यकृताचा आजार असेल तर चालत नाहीत. जावेच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या घेऊन निभावणं बंद करा. एका नियमासाठी शरीराचं वेळापत्रक बदलण्यापेक्षा नियम बदलणं स्वस्त पडतं, पण तो तुमचा प्रश्न.

वहीखाते

स्त्रीवादाचा खरा पेपर देवघरात नसतो, कपाटातल्या फाईलमध्ये असतो. कमाई नसलेल्या बाईसाठी पुढच्या गोष्टी व्रतांच्या आधी करून घ्याव्यात.

'नॉमिनी आहे म्हणजे झालं' हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक वारस होतो. सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मालमत्ता बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांच्यात सारखी वाटली जाते. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, मागे बायको, दोन मुलं आणि आई, तर बायकोचा वाटा एक चतुर्थांश. मुलं अल्पवयीन असतील तर त्यांचा वाटा विकायला न्यायालयाची परवानगी. म्हणून मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, सही आणि दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी). ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

तिचंही मृत्युपत्र हवं, हे कोणी बोलत नाही. बाईने स्वतः कमावलेली मालमत्ता, मूल नाही, नवरा नाही आणि मृत्युपत्रही नाही, अशा वेळी ती आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर.

नवऱ्याचा मुदतविमा घेताना तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली घ्या. अर्जाबरोबरच वेगळा फॉर्म असतो. पॉलिसी निघाल्यावर ही सोय मागून मिळत नाही. फायदा असा की नवऱ्याचं कर्ज असलं तरी सावकार किंवा बँक त्या रकमेला हात लावू शकत नाही. व्यवसायात असलेल्यांच्या बायकांनी तर हे आधी बघावं.

राहतं घर महाराष्ट्रात बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, काही शहरांत वर अधिभार लागतो. गृहकर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी संमती. नवऱ्याने दिलेल्या पैशांची बायकोने मुदतठेव केली तर व्याज करासाठी त्याच्याच उत्पन्नात धरतात. पीपीएफचं (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं) व्याज करमुक्त असल्याने तिथे ही अडचण येत नाही (वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, मुदत १५ वर्षं).

स्त्रीधन: प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, पावती, कोणी कधी दिला. ते तिचं एकटीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलंय. पण यादी नसेल तर काय होतं आणि काय नव्हतं, यातच वर्षं जातात.

अवांतर: गृहिणीच्या कामाला रुपयांत आकडा लावण्यावर न्यायालयांनी बराच विचार केलाय, २००१ च्या लता वाधवा निकालात महिना ३००० रुपये धरले होते. फक्त हा हिशोब ती गेल्यावर, नुकसानभरपाईच्या दाव्यात होतो.

माहेरचा_सातबारा

वरच्यात एक भर. सासरच्या सोवळ्यावर तावातावाने बोलणाऱ्या कितीतरी जणी माहेरी गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही करून येतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. हक्कसोड नोंदवलं की परत फिरवणं फार कठीण. सही मागितली तर निदान तीन गोष्टी करा: सातबारा आणि फेरफार स्वतः काढून वाचा, सही त्याच दिवशी करू नका, आणि सोडायचंच असेल तर कोणाच्या लाभात सोडता ते नाव वाचून घ्या. 'भाऊबीज तुटेल' हे वाक्य येणारच, त्याची तयारी ठेवा.

मोहल्ला_क्र_४

धागा हिंदू घरांपुरताच चाललाय. रमजानात सहेरीला सगळ्यात आधी उठणारी आणि इफ्तारच्या घटकेला तव्यापाशी उभी असणारी एकच असते, तेव्हा कामाच्या वाटणीचं गणित तेच. कागदांत मात्र फरक आहे. मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) ही बायकोची स्वतःची; निकाहनाम्यात आकडा आणि किती लगेच, किती नंतर, हे स्पष्ट लिहून घ्या. ख्रिस्ती घरांत १९२५ चा उत्तराधिकार कायदा लागतो: मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश.

घड्याळजी

वाटणीवर परत येतो. काम द्यायचं तर अख्खी साखळी द्या, टोक नको. 'शाळेचं तू बघ' म्हणजे सूचना वाचणं, वही-कव्हर आणणं, सहलीचे पैसे, पालकसभा, सगळं. आणि शाळेच्या फॉर्मवरचा पहिला संपर्क क्रमांक बदला. तो आईचा राहिला तर ठरलं काहीही असो, फोन तिलाच येणार. पाळणाघर, लसीकरण, सोसायटी, गॅस, सगळीकडे हीच गोम.

फसतं ते पहिल्या महिन्यात. कव्हर वाकडं बसतं, डब्यात तीनदा एकच भाजी जाते, आणि पहिली मालकीण न राहवून टोकते. किमान काय हवं ते आधी लिहा (डबा वेळेवर, भाजी कोरडी, एवढंच), त्यापलीकडे काही बोलायचं नाही.

निरांजन_कोणाचं

आणि श्रद्धा खरंच गेली असेल तर? रोजची पूजा मग बिनपगारी पुजाऱ्याची नोकरी होते.

दर्भ_आणि_दूर्वा

ज्याची श्रद्धा त्याची पूजा. पण साखळीसकट: फुलं, वाती, तेल, निर्माल्य आणि आठवड्याची तांब्या-पितळेची घासाघीस. नवरा आरती म्हणतो आणि उपकरणी मोरीत ठेवून जातो, हा हस्तांतराचा नेहमीचा घोटाळा आहे. देव्हाऱ्यात तीस देव असतील तर आधी ते कमी करा. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा, कुलदैवताचा टाक एवढ्यावर भागतं. भंगलेल्या मूर्तींचं विसर्जन करावं, जास्तीच्या नातलगांत द्याव्यात. आणि पूजा सांगायला बाई हवी असेल तर पुण्यात शंकर सेवा समितीने १९७० च्या दशकापासून स्त्रियांना पौरोहित्य शिकवलंय, ज्ञान प्रबोधिनीतूनही स्त्री पुरोहित मिळतात.

जातं

दोन राहिलेल्या गोष्टी. पहिली हळदीकुंकू. मे २०२२ मध्ये हेरवाड (जि. कोल्हापूर) ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तेव्हा हा विषय आता कोणाला नवा नाही. पण 'सगळ्यांनी या' असा सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला की नवरा गेलेल्या बायका येत नाहीत, कारण ते 'सगळ्या' कोण हे त्यांना इतकी वर्षं कळलेलं असतं. दारात जाऊन बोलवायचं. कुंकू लावू का हे तिला विचारायचं, ओढून लावायचं नाही. आणि वाण सारखंच, वेगळं 'भेटवस्तू' म्हणून नाही.

दुसरी, घरकामाला येणारी बाई. आपली मुक्ती तिच्या खांद्यावर उभी असेल तर ठरवून द्या: आठवड्याची सुट्टी, महिन्याला भरपगारी रजा, दिवाळीला एक पगार, पगारवाढीचा महिना. सगळं लिहून. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ पासून आहे, तिची नोंदणी झालीय का विचारा. आणि ती आली नाही त्या दिवशी भांडी कोणाची, हे घरात आधी ठरलेलं असू द्या. सोवळ्याची चर्चा एवढी झाली म्हणून आठवलं: देवाची भांडी ती घासते पण देवघरात ती चालत नाही, असली घरं अजून आहेत.

कातरवेळ

शेवटचं वाक्य लागलं. बाकी वाद चालू ठेवू.

@पाटावरवंटा, एक विचारायचं होतं, पुरण आदल्या दिवशी केलं तर चालतं का? नैवेद्याला शिळं होत नाही का?

पाटावरवंटा

शिळ्याचा नियम घराघराचा. खाण्याच्या दृष्टीने म्हणाल तर उत्तम चालतं. वाटून पूर्ण गार करा, घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी दोन तास आधी बाहेर काढा. थंड पुरण कडक असतं आणि कणकेला आतून टोचतं, म्हणून हाताने मळून सारखं करा. वेलची-जायफळ सकाळीच घाला, रात्रभरात वास उडतो. कट मात्र लगेच फ्रीजमध्ये जाऊ द्या. डाळीचं पाणी आहे, भाद्रपदाच्या हवेत बाहेर राहिलं तर सकाळपर्यंत आंबतं आणि आमटीची फजिती होते.